दोन बोटं जास्तीची खुर्ची

पैज लागली ती पावाच्या रांगेत. बेकरीवाल्याचं वजन एकशे अठरा किलो, म्हणून अख्खी गल्ली त्याला पावशेर म्हणायची. समोरच्या टेलर मास्तरांनी अंगणातलं वाळलेलं झाड पाडलं होतं.

"घरीच फळ्या पाडतो," मास्तर म्हणाले. "प्लास्टिकच्या खुर्चीवरून पडल्यापासून ही घराबाहेर येत नाही. हिच्यासाठी अंगणात खुर्ची करणार."

"मास्तर, तुम्ही काजं-बटणं करा हो!" पावशेर खदखदला. "तुमच्या खुर्चीवर मी धपकन बसणार. नाही मोडली, तर एक सकाळ झालरीचा फ्रॉक घालून पाव विकीन!"

मास्तरांनी गळ्यातली टेप काढलीच. "माप देऊन ठेवा, शेठ."

रांग हसून आडवी.

ओंडका चिरायच्या दिवशी दुसरं टोक धरायला पावशेरच हजर. फुकटचा तमाशा कोण सोडतो? भाड्याची मशीनची करवत किंचाळत आरपार गेली, मास्तरांनी पहिली फळी उलटली आणि पावशेर खाली वाकला. आत मधाच्या रंगाच्या रेघाच रेघा. एका गाठीला वळसा घालून पुढे गेलेल्या, वाहतं पाणी दगडाला घालतं तसा. याच झाडाला खेटून तो वीस वर्षं स्कूटर लावत होता.

"आयला," तो हळूच म्हणाला, "हे सगळं आत होतं?"

अर्थात, दुसऱ्या दिवशी स्वारी मूळपदावर. मध्ये पट्ट्या घालून रचलेल्या फळ्या वर्षभर शेडमध्ये वाळत होत्या, आणि हा येता-जाता विचारायचा, "उबवताय का मास्तर? पिल्लं कधी?"

"कापड आटवल्याशिवाय कधी बेतलंय का मी? लाकूडही आटतं."

शेवटी खुर्ची उभी राहिली. गुडघ्यापासून टाचेपर्यंत वहिनींचं माप घेऊन, फळ्यांवर खडूने आखून, सगळं चोख. फक्त हाताच्या सवयीने घात केला. मास्तरांनी चारही पायांना शिलाईसाठी दोन बोटं जास्त सोडली होती.

"टाके घालणार? लाकडाला?" पावशेरला हसून ठसका लागला.

मास्तर ओशाळले. "कापतो उद्या."

"उद्या कापा. आज पैज!" पावशेर पाठमोरा झाला, आणि त्याची नजर दारावर गेली. वहिनी दोन्ही हातांनी चौकट धरून उभ्या होत्या. श्वास रोखून. खुर्ची मोडली, तर ही बाई पुन्हा कुठल्याच खुर्चीवर विश्वास ठेवणार नाही, हे त्याला लख्ख कळलं. त्याचं हसू जिरलं. तो हलकेच टेकायला लागला.

"भावोजी, लबाडी नको," वहिनी म्हणाल्या. "चांगले आदळा. मोडायची तर तुमच्याखाली मोडू दे."

पावशेरने डोळे मिटले आणि अंग सोडून दिलं. धप्प!

खुर्ची एकदा कुरकुरली आणि गप्प झाली. पाय हलले नाहीत की पाठ. एवढं ओझं त्या फळ्यांनी असं पेललं, जणू झाड अजून जमिनीत उभं होतं.

"उठा आता, भावोजी. माझा नंबर."

मास्तरांचा खांदा धरून वहिनी आल्या, बसल्या. मग खुर्चीच्या हातांवर हात रोवले आणि उठल्या. एकट्या! पुन्हा बसल्या, पुन्हा उठल्या. बैठक दोन बोटं उंच, त्यामुळे गुडघ्यांना फार वाकावंच लागत नव्हतं. सावरायला पुढे केलेले मास्तरांचे हात तसेच हवेत राहिले.

"कापायचं नाही हं," वहिनी म्हणाल्या. "ही दोन बोटं माझी."

एका चुकलेल्या मापाने बाई उभी राहिली होती!

तिसऱ्या दिवशी सकाळी तो गुलाबी फ्रॉकमध्ये गल्ल्यामागे उभा राहिला. झालरीच सात मीटर. रांग कोपऱ्यापर्यंत, शिट्ट्या वेगळ्याच. फाटकाशी खुर्ची मांडून वहिनी समोर बसल्या होत्या.

"भावोजी, एक गिरकी होऊ द्या!"

पावशेर बाहेर रस्त्यावर आला. पावाचा ट्रे डोक्यावर, कमरेवर हात, आणि अशी गिरकी घेतली की झालर छत्रीसारखी फुलली. वहिनी टाळ्या वाजवायला उभ्या राहिल्या.