शस्त्रपूजेतलं निशाण

"दादासाहेब, ते तलवारींत नका ठेवू," जयसिंगराव पुन्हा म्हणाले. "दवाखान्याचं निशाण आहे ते."

"तू चूप बैस रे!" प्रतापरावांनी पाटावर, तलवारीच्या शेजारी, लाल फुलीचा तो पांढरा झेंडा पसरला. "देपालपूरवाल्यांना मी सांगून ठेवलंय, जपान्यांकडून हिसकावलाय म्हणून. पोरगी उजवायची आहे ना तुला?"

जयसिंगराव मागे सरले. त्यांच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या दरबारच्या फौजेत कुणी तलवार धरली, कुणी बंदूक. ब्रह्मदेशच्या लढाईत ह्यांच्या वाट्याला आलं स्ट्रेचर. पुढे संस्थान गेलं, मध्यभारत राज्य आलं, गिरणीच्या दवाखान्यात मलमपट्टीची नोकरी लागली; पण धाकट्याची ती लढाईतली 'हमाली' चारचौघांत सांगायची थोरल्याला अजून लाज वाटे. त्यात कमलचं लग्न कुठे जमत नव्हतं. आज दसऱ्याचा मुहूर्त धरून मुलाचे वडील, देपालपूरचे अप्पासाहेब, स्वतः आले होते.

पूजा झाली. झेंड्यावरही हळदकुंकू पडलं. अप्पासाहेबांनी मिशीवरून हात फिरवला.

"क्यों जयसिंगरावजी, किती लोळवले तुम्ही?"

दाराआड कमलच्या बांगड्या वाजल्या. एक आकडा फेकला की पोरीचं कल्याण होणार होतं. जयसिंगरावांची जीभ वळेना.

"एकही नाही. मी जखमी उचलायचो. हे आमच्याच तंबूवरचं निशाण आहे. हे फडकत असतानाच तंबूवर बॉम्ब पडला. शंकरराव म्हणून माझा जोडीदार होता, त्याला ह्यातच गुंडाळून आणला. वाटेत गेला. हा डाग त्याचा."

मग प्रतापराव खो खो हसले.

"पाहिलंत? असाच आहे हा! स्वतःची तारीफ करायची म्हटलं की शरम येते."

"वा भिया, वा!" अप्पासाहेबांनी मांडीवर थाप मारली. "खरा मर्द बोलून दाखवत नाही. रिश्ता पक्का! फक्त एक मागणं आहे. हे निशाण आमच्या बैठकीत लागलं पाहिजे. सबको मालूम तो पडे, सून कुठल्या घरची आहे!"

"घेऊन जा की," प्रतापराव म्हणाले.

जयसिंगरावांनी दाराकडे पाहिलं. कमल पदराने डोळे पुसत हसत होती. असं हसताना त्यांनी तिला फार दिवसांत पाहिलं नव्हतं.

"तेवढा डाग मात्र धुऊन पाठवा हं," उठता उठता अप्पासाहेब म्हणाले. "शुभकार्य आहे."

दुसऱ्या दिवशी वहिनी निशाण घेऊन नळाकडे निघाल्या, तर जयसिंगरावांनी ते त्यांच्या हातून घेतलं.

"द्या वहिनी, मी धुतो."

इतक्या वर्षांत त्यांनी त्याला पाणी लागू दिलं नव्हतं. आता दगडावर पसरून, साबण लावून ते चोळू लागले. बघता बघता फुलीचा रंग सुटला. बादली लाल झाली, पांढरं कापड सगळं गुलाबी झालं.

"अगं बाई, हे काय करून बसलात!" वहिनी म्हणाल्या.

डाग होता तसाच होता. जयसिंगरावांनी बादली ओतून दिली आणि पुन्हा साबण हातात घेतला.