कडूबाची दुबई

मंठ्यापासून दोन कोसांवरच्या गावात कडूबाने बारा वर्षं दुबई पिकवली, तीही कोरडवाहू. धाकटा भाऊ भुजंग भांडून घरातून निघून गेला, तेव्हा पारावर कुणी तरी विचारलं, "भुजंगा कुठं दिसंना?" कडूबाच्या तोंडून गेलं, "दुबईला." एकदा पेरलं म्हटल्यावर राखण आलीच. पुढे शेखाने भुजंगाला उंटांचा मुकादम केलं. त्यातला एक उंट तर मराठीत शिवी दिल्याशिवाय उठेचना. लोक ऐकायचे आणि चहा पाजायचे.

खरं तर भुजंग शहागडला हायवेच्या कडेला ट्रकचे पंक्चर काढत होता. हे कडूबाला माहीत, बायको सगुणाबाईला माहीत, आणि एसटीच्या खिडकीतून काका दिसलेल्या मच्छिंद्रला, म्हणजे कडूबाच्या लेकाला माहीत. गावात चौथ्याला नाही.

सत्त्याऐंशी साली मच्छिंद्रची हैदराबादला संरक्षण खात्याच्या प्रयोगशाळेत निवड झाली. पोलिसांची चौकशी तेवढी राहिली होती. फॉर्मात रकाना होता, परदेशातले नातेवाईक. पोराने लिहिलं, 'कोणी नाही.'

जालन्याहून साध्या कपड्यातले जमादार रामराव फटफटीवर आले आणि पारावर विचारपूस करू लागले. पोराचं भलं व्हावं म्हणून गाव पुढे सरसावलं.

"लई मोठं घर हाय साहेब! चुलता दुबईत," भिवा म्हणाला.

"शेखाच्या पंगतीला बसतो," गिरिजाबाईने भर घातली. "उंट बी त्याचंच ऐकतेत."

जमादार कडूबाच्या ओसरीवर आले ते कपाळाला आठ्या घालूनच.

"चुलता परदेशात असणं गुन्हा न्हाई. लिहून दिलं असतं, तर बराबर चौकशी होऊन मिटलं असतं. पण पोरानं लपवलं. आज चुलता लपवला, उद्या काय लपवील? मी वर तसंच लिहिणार."

आतून सगुणाबाईचा आवाज आला, "बारा वर्षं ठेवलं न्हवं दुबईला? आणा आता माघारी. जल्दी!"

कडूबा तडक पारावर गेला, जमादार मागोमाग. "ऐका रे समदे! भुजंगा शहागडला पंक्चर काढून राह्यला. दुबई मी केली. उंट बी माझेच."

पार खो खो हसत सुटला. भिवाने मांडीवर थाप मारली. "वा कडूबाबा! पोरापायी दुबई उचलून शहागडला आणली की!"

"बाबा," जमादार म्हणाले, "केस पिकले. आता तरी थापा पुरे करा."

जन्मात एकदा चारचौघांत खरं बोलला, तर तेच खपेना. पण कडूबा डगमगणारा गडी नव्हता. टोपी नीट बसवून तो फटफटीवर मागे बसला.

"चला साहेब. दुबई दाखवतो."

जालना, अंबड करत तीन तासांनी शहागड आलं. भुजंग पाण्याच्या घमेल्यात ट्यूब बुडवून बुडबुडे शोधत होता.

"दादा? आज इकडं कसं काय?"

"दुबईला कधी गेल्तास रे?" जमादारांनी दरडावलं.

"मी? मंग पंक्चर काय शेख काढतो का?"

शेजारचा ढाबेवाला पोट धरून हसला. "बारा वर्षं झाली साहेब, ह्यो हितून हलला न्हाई."

जमादारांनी रेशनकार्ड पाहिलं, दोन माणसं विचारली आणि तिथल्याच बाजेवर बसून लिहिलं, 'अर्जदाराने दिलेली माहिती खरी आहे.' पेनाचं टोपण लावत म्हणाले, "पोरगं तुमच्यावर गेलं न्हाई, नशीब समजा."

"त्याच्या मायवर गेलं," कडूबा म्हणाला. मग भावाकडे न बघताच पुढे बोलला, "दिवाळीला घरी ये रे. उंट न्हाई आणला तरी चालंल."

मच्छिंद्र नोकरीवर रुजू झाला. पहिल्या सुट्टीला येऊन गेल्यावर पारावर भिवाने विचारलं, "कडूबाबा, पोरगं काय बनवतं तिथं?"

"मला म्हाईत न्हाई. त्याला घरी सांगायची बंदी हाय."

हे अक्षर न् अक्षर खरं होतं. पण भिवा भक्तिभावाने मान डोलवत राहिला. त्याच्या लेखी एवढी मोठी थाप कडूबाने आजवर मारली नव्हती. भिवाने दोन चहा सांगितले.

कडूबाने फुंकर घातली आणि निवांत प्यायला.