पाणबुड्याचा शोध, निकाल शून्य

पाणीखात्यात एकतीस वर्षं नकाशे काढले म्हणून त्यांना सगळे नकाशेबाई म्हणायचे. पुढे नकाशे संगणक काढायला लागला. बाईंचं तिरकं टेबल गेलं, शाईच्या पेना गेल्या, नाव तेवढं राहिलं. नोकरीची तीन वर्षं अजून बाकी होती आणि रिकामा बसलेला माणूस साहेबांच्या डोळ्यांत फार खुपायचा, अर्थात तो माणूस स्वतः साहेब नसेल तर. म्हणून त्यांनी बाईंना तळमजल्यावरच्या कोपऱ्यातल्या खोलीत धाडलं. तिथं एक स्कॅनर, दोन संगणक आणि खात्याच्या सत्तर वर्षांच्या फोटोंची पुठ्ठ्याची खोकी होती. दारावर कोरी करकरीत पाटी लागली होती, ‘डिजिटल माध्यम संग्रह’. दार मात्र जुनंच होतं, खांदा लावल्याशिवाय उघडायचं नाही.

काम म्हटलं तर सोपं. फोटो स्कॅन करायचा आणि त्याला पाच शब्द चिकटवायचे. या शब्दांना टॅग म्हणतात, आणि पुढे कुणी तो शब्द टाइप केला की फोटो आपोआप समोर येतो, हे सांगायला खात्याने खास एक सल्लागार नेमला होता. पोरगा बाईंच्या लेकीच्या वयाचा, पण बोलायचा असा की जणू पाण्याचा शोध त्यानेच लावलाय.

“मॅडम, प्रत्येकाने वाटेल ते शब्द टाकले की सर्च बिघडतो,” तो म्हणाला. “म्हणून आपण मान्यताप्राप्त शब्दांची यादी केलीये. तीनशे बारा शब्द. त्याबाहेरचा शब्द सिस्टीम घेणारच नाही.”

ती यादी बाईंनी घरी नेली. त्यांचे यजमान दवाखान्यात कंपाउंडर होते, आता निवृत्त. हाती पडेल तो कागद औषधाची चिठ्ठी असल्यासारखा वाचायची त्यांना सवय. त्यांनी यादी वरून खाली वाचली, मग खालून वर वाचली.

“यात ‘पूर’ कुठे दिसत नाही.”

“पूर नाही. ‘अतिरिक्त जलप्रवाह’ आहे.”

“आणि नळ फुटला तर?”

“‘अनियोजित वितरण’.”

यजमानांनी चष्मा काढून पुसला. “माणसं तरी आहेत का?”

“आहेत की. दोन प्रकारची. ‘मान्यवर’ आणि ‘मनुष्यबळ’.”

यजमान त्या दिवशी जेवताना मधेच हसत होते. बाईंना हसू आलं नाही, कारण दुसऱ्या दिवसापासून ते शब्द त्यांनाच टाकायचे होते. आणि त्यांनी ते टाकले. सुरुवातीला जिवावर यायचं, मग बोटांना सवय झाली. फीत दिसली की ‘उद्घाटन’, छत्री दिसली की ‘छत्री’, कोट दिसला की ‘मान्यवर’, आणि बनियन दिसलं की ‘मनुष्यबळ’. सव्वा वर्षात एकोणीस हजार फोटो झाले. साहेबांनी संग्रह जनतेसाठी खुला केला, स्वतःच फीत कापली आणि त्या फीत कापण्याचे चौतीस फोटो संग्रहात जमा केले.

जनता काही लोटली नाही. पहिल्या महिन्यात तिघं आले, त्यातला एक पाण्याची तक्रार घेऊन चुकून खाली उतरलेला.

चौथी आली ती नर्स. पांढऱ्या गणवेशावर स्वेटर, छातीशी उलटं घड्याळ, पायात पळायचे बूट. तिचे वडील सहा आठवड्यांपूर्वी गेले होते. ते खात्यात पाणबुड्या होते, म्हणजे विहिरीच्या आणि बंधाऱ्याच्या पाण्यात उतरून खालची दारं, जाळ्या साफ करणारे.

“घरात बाबांचा एकच फोटो आहे,” ती म्हणाली. “ओळखपत्रावरचा. त्यातही हनुवटीवर खात्याचा शिक्का आलाय. म्हटलं, इथे एखादा तरी असेल.”

“बसा ना. टाइप करा,” बाई म्हणाल्या.

नर्सने टाइप केलं, पाणबुड्या. निकाल शून्य. खाली संगणकाने मोठ्या अदबीने विचारलं, ‘आपल्याला पाणबुडी म्हणायचे आहे का?’ तिने हो म्हटलं आणि पडदा भरून गेला. एक हजार एकशे सेहेचाळीस फोटो, सगळे पाणबुडी पंपांचे. पंपाशेजारी साहेब, पंपावर हात ठेवलेले साहेब, पंपाकडे बोट दाखवणारे साहेब, जसा काही पंप पळून चालला होता. आधीचे साहेब, त्यांच्या आधीचे साहेब. पंप बदलत होते, बोट तेच.

नर्सने सहा-सात पानं उलटली. मग शांतपणे म्हणाली, “एवढे पंप आहेत. ते बसवायला खाली उतरलेला माणूस एकाही फोटोत नाही?”

बाईंच्या कानशिलांत गरम झालं. माणूस असणार. बाईंनीच त्याला कुठेतरी ‘मनुष्यबळ’ करून टाकलं असणार. तो शब्द टाकून पाहिला तर पाच हजारांवर निकाल आले. नर्सची ड्यूटीची वेळ झाली होती. “पुढच्या सुट्टीला येते,” म्हणून ती गेली.

बाई तडक वर साहेबांकडे गेल्या.

“साहेब, यादीत ‘पाणबुड्या’ हा शब्द घालायला हवा.”

“घालू की,” साहेब म्हणाले. साहेब कशालाच नाही म्हणत नसत, ते नुसती वाट दाखवत. “शब्दसमितीकडे अर्ज करा. तीन महिन्यांनी बैठक असते. सोबत त्या विषयाचे दहा फोटो जोडा, म्हणजे शब्दाची गरज सिद्ध होईल.”

“फोटो सापडावा म्हणून तर शब्द मागतेय. फोटो हातात असते तर शब्द कशाला मागितला असता?”

“हेच म्हणतोय मी,” साहेब समाधानाने म्हणाले. “फोटोच नाहीत, तर शब्द कशाला हवाय?”

बाईंनी अर्ज दिला. शांतपणे जिने उतरल्या, खोलीत गेल्या आणि दार असं आपटलं की ते पहिल्यांदाच नीट बसलं.

सुट्टीच्या दिवशी नर्स आली तेव्हा बाई तयारीत होत्या. “मला शब्द नकोत, तुम्हाला आठवतंय ते सांगा,” त्या म्हणाल्या.

“मी सात वर्षांची होते. मोठा पूर आला होता. एक झाडाचं खोड वाहत येऊन जॅकवेलच्या, म्हणजे नदीचं पाणी उचलायच्या विहिरीच्या, दारात अडकलं. बाबा तीनदा खाली गेले. घरी आले तेव्हा ओठ निळे पडले होते. मग दीड दिवस झोपले. आई दर तासाला नाकाशी हात धरून बघायची.”

बाई विचारात पडल्या. खात्याचा फोटोग्राफर त्यांनी चांगला पाहिलेला. रीळ जपून वापरायचा, बनियनवाल्यासाठी बटण दाबायचा नाही. तो नदीवर जायचा, पण कधी? धोका टळल्यावर, कारण मंत्रीही तेव्हाच यायचे.

“आपलं चुकलंच,” बाई म्हणाल्या. “पाणबुड्या शोधायचाच नाही. मंत्री शोधायचा.”

त्यांनी मान्यवर, पाहणी आणि अतिरिक्त जलप्रवाह असे तीन शब्द एकत्र टाकले. दोनशे बारा निकाल आले. पण त्यांत नुसते चेहरेच चेहरे. पडद्यावरचे छोटे फोटो सिस्टीम स्वतःच कातरायची आणि महत्त्वाचे चेहरे तेवढे ठेवायची. महत्त्वाचे कोणते, हे तिला कुणी शिकवलं होतं ते सांगायला नको. तेव्हा बाई एकेक मूळ फोटो उघडत गेल्या. नर्स शेजारी खुर्ची ओढून बसली. छत्र्या, कोट, चिखलातले चकचकीत बूट.

एका फोटोत मंत्री छत्रीखाली उभे होते, चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा. मूळ फोटो बराच रुंद होता. डाव्या टोकाला पालथ्या खोक्यावर रबरी पोशाखातला एक माणूस बसला होता. पायाशी पितळेचं शिरस्त्राण, हातात कप. मागे दोराचं भेंडोळं घेतलेला एक काटकुळा.

नर्स रडली बिडली नाही. तिने पडद्यावर बोट टेकवलं. “कान बघा. माझेच आहेत की नाही?”

कान तेच होते. फोटोखाली पाच टॅग होते आणि ते टाकणाऱ्याचा क्रमांकही होता.

“हा क्रमांक माझा आहे,” बाई म्हणाल्या. “तुमच्या बाबांना मनुष्यबळ मीच लिहिलंय. छत्रीला छत्री लिहिलं, बघा.”

नर्सने कीबोर्ड त्यांच्याकडे सरकवला. “मग आता लिहा ना,” एवढंच म्हणाली.

टॅगच्या चौकटीने ‘पाणबुड्या’ लाल रंगात परत केला. पण तळाशी एक ‘शेरा’ नावाची चौकट होती. तिच्यावर सल्लागाराने एकही नियम घातला नव्हता, कारण कुणाला स्वतःहून काही सांगायचं असेल हे त्याच्या स्वप्नातही आलं नसावं. बाईंनी तिथे माणसाचं पूर्ण नाव लिहिलं आणि पुढे लिहिलं, ‘पाणबुड्या. पुरात जॅकवेलचं दार मोकळं केलं. तीनदा खाली गेला.’ मग पुन्हा शोधून पाहिलं. निकाल एक.

दोरवाल्याला बाई ओळखत होत्या. आपण जिवंत आहोत हे खात्याला पटवून द्यायला तो दरवर्षी कार्यालयात यायचा. बाईंनी निरोप धाडला आणि दोन दिवसांनी म्हातारा काठी टेकत हजर झाला, नर्सही आली. कानाने बहिरा, त्यामुळे सगळ्या इमारतीला ऐकू जाईल असं बोलायचा.

“काका, बाबा घाबरले होते का हो?” नर्सने त्याच्या कानाशी विचारलं.

“घाबरला? खाली काय झालं ते त्याचं त्याला माहीत. दोर मात्र माझ्या हातात थरथरत होता. वर आला, शिरस्त्राण काढलं आणि पहिला शब्द काय, तर ‘चहा!’ समोर ट्रे चालला होता, त्यातला कप सरळ उचलला. तो मंत्र्यांचा होता, खास कमी साखरेचा! साहेब डोळे वटारतायत, मंत्री बघतायत, आणि हा एक घोट घेऊन मला म्हणतो, ‘शी, पाणी बरं होतं!’”

नर्स हसली. हसता हसता मात्र तिचे डोळे भरले.

बाईंनी मोठी प्रत काढायला घेतली. “मंत्री कापू का? जागा वाचेल.”

“छे, राहू देत,” नर्स म्हणाली. “बाबा कुणाचा चहा पितायत ते दिसायला हवं.”

म्हाताऱ्याच्या आवाजामुळे ही बातमी वेगळी पसरवावी लागली नाही. पुढच्या आठवड्यात झडपा फिरवणारे दोघं आले, मग मीटर वाचणारा, मग पंपघरातला एक आणि त्याची बायको. दर मंगळवारी खोली भरू लागली. हा कोण, तो कोण यावरून भांडणं व्हायची, बाई दोन्ही बाजू ऐकायच्या आणि शेऱ्यात लिहायच्या. यजमानही घरून यायला लागले, सगळ्यांची नावं सुवाच्य अक्षरात उतरवून द्यायला.

सहाशे शेरे झाल्यावर बाईंना मेमो आला, अनधिकृत मजकुराबद्दल खुलासा करा म्हणून. पण त्याच आठवड्यात सल्लागाराने साहेबांना आलेख दाखवला. संग्रह वापरणाऱ्यांची संख्या चाळीस पटींनी वाढली होती. याचं कारण, तो म्हणाला, शब्दांची शिस्तबद्ध यादी. साहेबांनी आलेखाशेजारी उभं राहून, आलेखाकडे बोट दाखवून फोटो काढून घेतला. त्या आनंदात मेमोचं पुढे काही झालं नाही.

शब्दसमितीचा निर्णय यायला आठ महिने लागले. अर्ज सहानुभूतिपूर्वक मंजूर झाला होता, थोडा बदल करून. नवा शब्द होता ‘जलांतर्गत मनुष्यबळ’. बाईंनी तो मुकाट्याने यादीत चढवला. अजून तरी कुणी तो शोधलेला नाही.

बाईंच्या निवृत्तीला आता सात महिने उरलेत आणि खोकी उरलीत एकवीस. परवा मीटरवाल्याने एका फोटोतल्या दूधवाल्यापर्यंतची सगळी नावं सांगितली आणि शेवटी स्वतःवर येऊन अडला. “हा मी की माझा भाऊ?” तो विचारत राहिला. बायकोला बोलवायचं ठरलंय, मंगळवारी.