महाराजांचा गुडघा आणि धनवंताची शेळी

ताप यायचा तो दिवेलागणीला. आमच्या शालीकराम महाराजांचे डोळे अर्धे मिटत आणि ते पुटपुटत, "उदेभान, बोडीच्या पाण्याखाली कोणीतरी टाळ वाजवून राहिलं गा." अठरा वर्षं कीर्तनात त्यांच्या मागे टाळ धरून उभा राहिलेला मी. बोडीकडे, म्हणजे गावतळ्याकडे, कान देऊन ऐकायचो. बाहेर धानाच्या बांध्यांवर धुकं उतरलेलं असायचं, आणि खरं सांगतो, मलाही काहीतरी ऐकू यायचं.

दोन वर्षांपूर्वी महाराजांचा उजवा गुडघा बदलला होता. धातूचा तो गुडघा घेऊन ते अर्जुनी मोरगावच्या आसपासच्या किती गावांत तीन तीन तास उभे राहिले! आता तोच सुजला, तापला. अंगरखा घामानं भिजायचा. गोंदियाच्या इस्पितळात सुईनं गुडघ्यातलं पाणी काढून जंतू वाढतात का ते पाहायला प्रयोगशाळेत ठेवलं, पण चार दिवसांत त्यात काहीच उगवलं नाही.

"नेहमीचा जंतू असता तर एव्हाना दिसला असता," डॉक्टर रेणूताई म्हणाल्या. "नाहीच सापडला, तर सांधा काढावा लागेल. मग काही महिने त्या पायावर भार द्यायचा नाही."

"म्हणजे मले बसवून ठेवता का जी?" महाराज हसले, पण चादरीवर ताल धरणारी बोटं थांबली. देवासमोर बोलायचं ते उभ्यानं, हा त्यांचा नेम.

"घरी शेळ्या, गाई आहेत? कच्चं दूध पिता?"

"नाई जी," महाराज चटकन बोलले.

मी त्यांच्याकडे पाहिलं. डबा घेऊन आलेली धनवंता खाटेच्या पायथ्याशी उभी होती. आमच्या शेजारची, मोठी भाविक बाई. कीर्तनाच्या दिवशी आंघोळ करून, ओल्या केसांनी शेळीची धार काढायची आणि गळ्याला बरं म्हणून फेसासकट लोटा महाराजांच्या हाती द्यायची. तापवायची मात्र नाही. चुलीनं आधी चाखलेलं दूध महाराजांना कसं द्यायचं?

तिचा भाव दुखू नये म्हणून हा माणूस गुडघा द्यायला निघाला होता. मी तोंड उघडणार, तोच धनवंता बोलली, "काऊन लपवून राहिले, महाराज? बाई, मीच पाजतो कच्चं. सहा वर्सं झाले."

"धनवंते, तू गप."

"गप कायले? गुडघा तुमचा काढतीन, अन् मी तुळशीले पाणी घालत बसू?"

रेणूताई रागावल्या नाहीत. त्यांनी तिथूनच प्रयोगशाळेला फोन लावला. गुडघ्यातल्या पाण्याच्या बाटल्या फेकू नका, आणखी काही दिवस ठेवा, आणि हाताळताना जपा. कच्च्या दुधातून माणसात येणारा ब्रुसेला जंतू असू शकतो. तो सावकाश वाढतो आणि तपासणाऱ्यालाही लागतो.

नवव्या दिवशी तो उगवला. बदललेल्या सांध्यात हा क्वचितच सापडतो, असं त्या म्हणाल्या. सांधा हाडात घट्ट होता, म्हणून तो न काढता औषधांवर पाहू असं ठरलं. दोन तऱ्हेच्या गोळ्या, कित्येक महिने, एकही दिवस न चुकवता. गोळ्यांनी लघवी केशरी झाली तेव्हा महाराज म्हणाले, "आतून भगवा झालो गा, उदेभान!"

पशुवैद्यानं शेळ्या तपासल्या, दोन वेगळ्या बांधल्या. धनवंताचंही रक्त तपासलं. ताप ओसरला, तसे पाण्याखालचे टाळही थांबले. महाराजांना त्याचं थोडं वाईटच वाटलं.

चौथ्या महिन्यात अर्धा तास उभं राहायची परवानगी मिळाली. गोळ्या चालूच होत्या. दुपारच्या कीर्तनाला महाराज मंडपात उभे राहिले, पण तोंड उघडेनात. लोक कुजबुजू लागले.

"धनवंते, पुढं ये."

ती खांबाआड, पदर तोंडावर घेऊन बसली होती. "मी अठीच बरी जी."

"अर्धाच तास आहे माह्याजवळ. तोही तू खरं बोलली म्हणून भेटला. तू मांगं लपून बसली, त मी सांगू कोणाले?"

बायांनी सरकून जागा केली. ती अगदी समोर येऊन बसेपर्यंत महाराज नुसते उभे होते, दोन्ही पायांवर सारखा भार देऊन, डोळे मिटून. कापडी छतातून गाळून आलेल्या उजेडात मला ते जमिनीपासून बोटभर वर दिसले. मग त्यांनी नाम घेतलं.