भवानीचा हात

साबण विकायला गेलेला माणूस घरी गूळ घेऊन येतो, ह्याला काय म्हणायचं ते तुम्हीच सांगा. पहिल्यांदा आणला तेव्हा मी काही बोलले नाही. वाटलं, घरात लागतो म्हणून आणला असेल. दुसऱ्या दिवशी सुपारी आणि उदबत्ती. पुढं पुन्हा गूळ, वर एक नारळ. आणि साबणाची पेटी सकाळी भरून नेली होती, तशीच्या तशी परत.

मी म्हटलं, "अहो, तुम्ही विकायला जाता की बाजार करायला?"

ह्यांनी टोपी खुंटीला अडकवली आणि खाली बसले. म्हणाले, "अगं, मलाच काही कळेनासं झालंय."

आमच्या ह्यांचं नाव उद्धवराव. करमाळ्याकडून आम्ही पिंपरीला आलो तेव्हा औषधाचा मोठा कारखाना नुकताच सुरू झाला होता. तिथं चिकटायचं म्हणून आलो, ते काही जमलं नाही. मग पुण्याच्या एका कंपनीनं ह्यांना डाळिंब छाप साबणाच्या फिरत्या विक्रीवर घेतलं, तेही कच्चं. दिवाळीपर्यंत चाकण भागातल्या दुकानदारांच्या ऑर्डरी आणल्या तर नोकरी पक्की, नाहीतर रामराम. रामराम म्हणजे परत करमाळ्याला, थोरल्या जाऊबाईंच्या हाताखाली. त्या घरात आमटीत मीठ टाकायचं तरी मला विचारावं लागायचं. इथं पत्र्याची एकच खोली होती, पण चूल माझी होती. ती सोडून मी कुठंही जाणार नव्हते, आणि तसं मी ह्यांना बजावून ठेवलं होतं.

कंपनीत नानासाहेब म्हणून विक्रीचे मोठे साहेब होते. त्यांनी पुण्यात सगळ्या नव्या माणसांना बसवून विक्री कशी करायची ते शिकवलं. दुकानाच्या फळ्या निघतात त्या वेळी आपण दारात हजर पाहिजे. चेहरा हसरा पाहिजे. गिऱ्हाइकाला बोलू द्यायचं, मध्ये तोंड घालायचं नाही. आणि काही झालं तरी गिऱ्हाइकाचं मन मोडायचं नाही.

ह्यांनी ते सगळं तोंडपाठ केलं आणि माझ्यावर घोटलं. मी भाकऱ्या थापत असायची आणि हे बाहेर जाऊन दाराची कडी वाजवायचे. "नमस्कार बाई, आपला क्षणभर वेळ घेऊ का?"

मी म्हणायची, "भाकरी करपली तर काय तुमचे नानासाहेब खाणार आहेत का?"

की हे निमूट बाहेर जाऊन पुन्हा कडी वाजवायचे. मन मोडायचं नाही ना गिऱ्हाइकाचं!

तर असा हा माणूस रोज पहाटे सायकलीवरून भोसरी गाठायचा, तिथून खेडची पहिली एसटी पकडून चाकणला उतरायचा, आणि संध्याकाळी किराणा घेऊन घरी यायचा. शेवटी एकदा मी समोर बसवून विचारलंच, की होतं तरी काय तिथं?

"अगं, लोक जीव टाकतात माझ्यावर. दौलतराव म्हणून मोठे किराणा दुकानदार आहेत, ते तर लांबून हाक मारतात. चहा पाजतात. तुझी चौकशी करतात."

"माझी चौकशी राहू द्या. साबणाचं काय?"

"साबणाचं काढलं की म्हणतात, आज नको, उद्या या. पण सकाळीच या हां! उद्या गेलो की पुन्हा तेच."

"आणि हा गूळ?"

"ते म्हणतात, भवानी व्हायची आहे, आधी काहीतरी घ्या. मग मन कसं मोडायचं?"

आता भवानी म्हणजे दुकानातली दिवसाची पहिली विक्री. पहिला आलेला माणूस काही न घेता गेला तर दुकानदाराचा अख्खा दिवस वाया जातो म्हणतात. त्यामुळं हे घेत होते त्यात वावगं काही नव्हतं. पण रोज? आणि चार-चार दुकानांतून? माझ्या ट्रंकेतली लुगडी काढून मी दोरीवर टाकली होती आणि ट्रंकेत गूळ, सुपारी, चहाची पुडकी, हिंग असं सगळं भरून ठेवलं होतं.

शेजारच्या कौशल्याबाई रत्नागिरीकडच्या. नवरा कारखान्यात रात्रपाळीला. एकदा त्या दारात आल्या. "वहिनी, चहापूड आहे का हो जराशी? दुकान तिकडं रुळांपलीकडं, आणि हे आता येतील." मी दिली. त्यांनी जाताना चुलीपाशी पैसे ठेवले. मी नको नको म्हटलं तरी ऐकेनात. मग त्यांचं बघून पलीकडच्या दोघीतिघी यायला लागल्या. मी त्यात काही विशेष बघितलं नाही. माझं सगळं लक्ष त्या मेल्या साबणाकडं होतं.

दिवाळी जवळ यायला लागली तसा मला धीर धरवेना. एका शनिवारी मी ह्यांच्याबरोबर चाकणला गेले. चाकणचा बाजाराचा दिवस तो. एसटीतून उतरतो न उतरतो तोच दुसरे एक किराणावाले, रंगराव त्यांचं नाव, धावत आले आणि त्यांनी ह्यांचा हातच धरला. "आज आदी माज्याकडं, उद्धवराव! काल तुमी दौलतरावाकडं आदी गेला."

मी बघतच राहिले. माझ्या नवऱ्यासाठी भर रस्त्यात ओढाओढ चाललेली, आणि साबणाची एक वडी खपत नाही! बाई गं, माझं डोकंच चालेना.

ह्यांना रंगरावांच्या ताब्यात सोडून मी सरळ दौलतरावांच्या दुकानात शिरले. म्हाताऱ्यानं नुकताच सडा टाकून उदबत्ती लावली होती. मी कोण ते सांगितलं, तर माणूस उठून उभा राहिला. "या वहिनी, या. आवं, उद्धवरावांचा हात म्हंजी लक्षुमीचा हात. त्यांनी भवानी केली की दिसभर गल्ल्याला उसंत न्हाई बगा."

"मग त्यांचा साबण का घेत नाही?"

"त्यांचा?" दौलतरावांनी माझ्याकडं असं बघितलं, जसं काही मी देवळात चपला घालून आले. "ज्या हातानं भवानी केली त्याच हातावर त्याच दिशी पैसं ठिवायचं? आलेली लक्षुमी माघारी धाडायची? आमच्या बानं कदी केलं न्हाई, आमी बी करनार न्हाई."

"बरं, पैसे दुसऱ्या दिवशी द्या."

"दुसऱ्या दिशी बी भवानी तेच करनार न्हवं?"

त्यांच्या मागच्या फळीवर दुसऱ्याच कुठल्या कंपनीचा साबण रचून ठेवलेला होता. मी बोट दाखवून विचारलं, हा कुणाकडनं घेतला?

"एक येतोय दुपारच्याला. आंबट तोंडाचा हाय, सरळ बोलत बी न्हाई. पर साबन देतो आन् जातो."

अंगाचा नुसता भडका उडाला माझ्या. माझा माणूस पहाटे उठून हसऱ्या चेहऱ्यानं मरमर मरतो, आणि साबण खपतो त्या आंबट तोंड्याचा!

घरी आल्यावर मी ह्यांना म्हटलं, "उद्यापासून दुपारी जायचं. काही विकत घ्यायचं नाही. आणि हसायचं तर मुळीच नाही."

"पण नानासाहेब तर म्हणाले..."

"नानासाहेब गेले खड्ड्यात."

गेले बिचारे दुपारी. परत आले ते तोंड एवढंसं करून, हातात दोन नारळ. म्हणाले, "दौलतराव माझ्याशी बोलले नाहीत गं. सकाळभर वाट बघत बसले होते. एक म्हातारी तेल घ्यायला आली, तिला म्हणे थांबवून ठेवलं, उद्धवराव येऊ देत म्हणून. ती शिव्या देत निघून गेली. रंगराव तर म्हणाले, आम्ही तुमचं काय वाकडं केलं होतं?"

"आणि हे नारळ?"

"त्यांची समजूत काढायला घेतले."

मी हात टेकले. सकाळी गेलं तर साबण घेत नाहीत, दुपारी गेलं तर रुसतात. मी कितीही डोकं खाजवलं तरी ह्यातून वाट दिसेना. लवकर जावं म्हणावं तर तेच नडत होतं, गोड बोलावं तर तेही नडत होतं.

दिवाळीच्या तोंडावर नानासाहेब स्वतः पिंपरीला आले. कोट, चष्मा, हातात छत्री. आमच्याकडं खुर्ची नव्हती, म्हणून ट्रंकेवर सतरंजी टाकून बसवलं. म्हणाले, "उद्धवराव, मी चाकणमध्ये चौकशी केली. सगळा बाजार तुमचं नाव काढतो. इतका आवडता विक्रेता आपल्या कंपनीत दुसरा नाही. मग ऑर्डर एकही का नाही?"

हे सांगायला लागले, तेवढ्यात कौशल्याबाई दारात. "वहिनी, गूळ हवा होता." गूळ ट्रंकेत. नानासाहेबांना उठावं लागलं. मी गूळ काढून दिला, नानासाहेब बसले. ह्यांनी भवानीचं सांगायला घेतलं, तर पलीकडची आली सुपारीला. साहेब पुन्हा उठले. पुन्हा बसले. कुणीतरी चहापूड मागितली तेव्हा मात्र ते छत्री धरून उभेच राहिले.

सगळं ऐकून झाल्यावर त्यांनी चष्मा काढून पुसला. "मी शिकवलं त्यातलं तुम्ही काय केलं नाहीत?"

"सगळं केलं, साहेब."

"तेच तर मला कळत नाही," नानासाहेब म्हणाले. चष्मा पुन्हा नाकावर चढवला. मग हळूच म्हणाले, "पण कंपनीला गिऱ्हाईक नको आहे हो, विक्रेता हवा आहे. माझा नाइलाज आहे. पेटीतल्या वड्या राहू द्या तुम्हालाच."

ते गेल्यावर मी भिंतीकडं तोंड करून रडले. मला जावेचं ते स्वयंपाकघर दिसत होतं. ह्यांनी दौत काढली आणि विचारलं, "करमाळ्याला पत्र टाकू का?"

मी डोळे पुसून वळले. सतरंजी ट्रंकेवरून अर्धी घसरली होती. एवढा मोठा साहेब, पण त्याला बूड टेकू दिलं नाही कुणी. कुणी दिलं नाही? माझ्याच दारात आलेल्या बायकांनी!

"पत्र टाकाल तर याद राखा," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी ट्रंक ओढून दाराशी आणली, तिच्यावर पाट टाकला आणि गूळ, सुपारी, हिंग, चहा, नारळ असं सगळं मांडलं. सडा घातला, उदबत्ती लावली. कौशल्याबाई पातेलं घेऊन आल्याच. मी म्हटलं, "जरा थांबा हो बाई." आणि आत तोंड पाडून बसलेल्या ह्यांना म्हटलं, "टोपी घाला. पेटी घ्या आणि बाहेर व्हा."

"कुठं जाऊ?"

"दारात. रोज जात होता तसं."

ह्यांना काही समजेना, पण गेले. कडी वाजली. "नमस्कार बाई, आपला क्षणभर वेळ घेऊ का?"

"वेळ मागनं घ्या. भवानी व्हायची आहे. आधी काहीतरी घ्या."

ह्यांनी माझ्याकडं बघितलं, पाटावर बघितलं. मग खिशात हात घालून आणा काढला आणि स्वतःच आणलेला गूळ विकत घेतला. आणा त्यांनी माझ्या तळहातावर ठेवला. मी तो आणा कपाळाला लावला. माझे डोळे भरून आले होते, खोटं कशाला बोलू?

आणि मग सवयीनं म्हणा, कशानं म्हणा, ह्यांनी पेटी उघडली. "बाई, हा डाळिंब छाप साबण..."

"आज नको," मी म्हटलं. "उद्या या. पण सकाळीच या हां!"

हे पायरीवर मटकन बसले आणि डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसत सुटले. मी म्हटलं, "उठा तिथून, माझं गिऱ्हाईक खोळंबलंय."