बशीएवढी वाफ

मी गाडीची काच पुसायचं फडकं बोलतोय. खरं तर 'बोलतंय' म्हणायला हवं, पण माझी उभी हयात शर्ट म्हणून गेली आणि म्हातारपणी कुणी आपल्या बोलण्याची सवय बदलत नाही. तेव्हा चालवून घ्या. थकलोय हो मी. पुसून पुसून जीव मेटाकुटीला आलाय.

शिंप्यानं मला आबांच्या मापानं बेतलं तेव्हा मी कडक खाकी होतो. छातीवर दोन खिसे, त्यांना झाकणं, झाकणांना बटणं. आबा मालट्रक चालवत. त्यांच्या अंगावर मी गावोगाव हिंडलो, घाम प्यायलो, धूळ खाल्ली. तो ट्रक मोठा गमतीदार होता. त्याच्या काचा कधी पूर्ण वर गेल्या नाहीत आणि दारांच्या फटींतून वारा पाहुण्यासारखा आत यायचा, दुसऱ्या बाजूनं निघून जायचा. मुक्कामाला पोचलं की आबा आधी केबिन धुवायचे आणि मग स्वतःचं तोंड. "गाडीला पारोसं झोपवू नये," असं ते म्हणत. सकाळपर्यंत सगळं खडखडीत वाळलेलं असायचं.

पुढे माझी कॉलर झिजली, कोपरं गेली, आणि आबांनी एके दिवशी मला टराटरा फाडलं. पाठीचं पोतेरं झालं. ते बिचारं कधीच संपलं. बाह्या कशाकशाला गेल्या, आठवत नाही. डावी छाती तेवढी खिशासकट उरली, तो मी. नरम पडलेलं जुनं सुती कापड काचेला बरं असतं म्हणतात. आयुष्यभर झिजल्यावर आपण कुणाच्या तरी कामाला बरे होतो, एवढंच त्यातलं समाधान.

मग आबाही निवृत्त झाले. डाव्या डोळ्यापुढे अंधारी यायला लागली. डॉक्टरांनी सांगितलं आणि मुलानं गाडीची किल्ली त्यांच्या खुंटीवरून काढून स्वतःच्या खणात ठेवली. आबांनी वाद घातला नाही. वाद घालणारा माणूस परवडतो, गप्प बसणारा बघवत नाही. ते एवढंच म्हणाले, "चालवणार नाही. पण सकाळी गाडी तयार करून द्यायचं काम माझं. ते कुणी घ्यायचं नाही."

"बरं बाबा, घ्या," मुलगा म्हणाला. म्हाताऱ्याचा हट्ट, पुरवायला काही लागत नव्हतं.

गाडी सूनबाईची. ती इस्पितळात परिचारिका आहे, सकाळची पाळी असली की उजाडता उजाडता निघते. गाडी लहानशी, दुसऱ्याकडून घेतलेली, घरासमोर कुंपणाच्या भिंतीला टेकून उभी असते. आत गरम हवा सोडायचा पंखा आहे, पण तो नुसता घरघरतो, हवा काही देत नाही. बाकी गाडी मात्र डब्यासारखी बंद. दार लावलं की बाहेरची मुंगी आत येणार नाही आणि आतला श्वास बाहेर जाणार नाही.

हिवाळा लागला आणि काचा आतून घाम गाळू लागल्या. बाहेरून पुसलं तर फरक नाही, कारण पाणी आत! आबा स्वेटर चढवून, कान बांधून बाहेर यायचे. आधी मला वरून खाली फिरवायचे, मग आडवं, मग खिशाची बाजू उलटून कोपरे. हात थरथरायचे, पण काच अशी स्वच्छ व्हायची की सूनबाई म्हणायची, "आबा, काच आहे की नाही तेच कळत नाही." त्यावर आबा म्हणायचे, "हं. निघ आता. सावकाश जा." दिवसभरात त्यांच्या चेहऱ्यावर उजेड दिसे तो तेवढाच.

आता खरी गोम ऐका. संध्याकाळी गाडी परत आली की आबा पायाखालच्या मॅट काढून धुवायचे, निथळवायचे आणि परत आत अंथरायचे. मला साबण लावून आपटायचे, पिळायचे (त्या हातांनी पिळणं ते काय!) आणि सकाळी हाताशी असावं म्हणून स्टिअरिंगवर पसरायचे. मग चारही काचा गच्च वर. "थंडी आत शिरायला नको," असं गाडीला सांगायचे, गोठ्यात गाय बांधल्यासारखं. जन्मभराची सवय. पण तो ट्रक म्हणजे चाळण होती आणि ही गाडी म्हणजे झाकणाचा डबा. रात्रभर मी वाळायचो म्हणजे काय व्हायचं, तर माझ्यातलं पाणी उठून काचेवर जाऊन बसायचं. सकाळी आबा तेच पाणी माझ्यात भरायचे. संध्याकाळी पिळून, रात्री पुन्हा काचेवर. आढ्याचं पाणी वळचणीला ऐकलं असेल तुम्ही. आमचं वळचणीचं पुन्हा आढ्याला! मला सगळं कळत होतं. पण फडक्याला विचारतो कोण?

थंडी वाढली तसं पुसलेली काचही टिकेना. गाडी कोपऱ्यापर्यंत जायची तोवर पुन्हा धुकं चढायचं, कारण ओल्या मॅट खालून वाफा सोडतच होत्या. सूनबाई एका हातानं चालवायची आणि दुसऱ्या हातानं मला धरून समोर भोकाएवढी जागा पुसायची. एका सकाळी गल्लीच्या तोंडाशी सायकलवरची एक मुलगी तिला दिसलीच नाही. दिसली तेव्हा तिनं गाडी अशी काही वळवली की दार भिंतीला घासत गेलं. मुलगी वाचली, काही न कळता घंटी वाजवत निघूनही गेली. सूनबाई मात्र गाडी उभी करून बसून राहिली. मला दोन्ही हातांत घट्ट धरलं होतं तिनं.

संध्याकाळी मुलानं ओरखडा पाहिला. आबा बादली घेऊन तिथेच उभे होते, पण तो बायकोशीच बोलला.

"आबांना आता नीट पुसता येत नाही. डोळ्याला दिसत नाही, हाताला जोर नाही. उद्या कुणी खाली आलं तर?"

"अहो, हळू बोला."

"हळू काय? उद्यापासून काच मी पुसणार. आबांनी थंडीत बाहेर यायचंच नाही."

आबांनी ऐकलं. ते खाली वाकून मॅट धुवायला लागले. किल्ली गेली तेव्हाही ते असेच वाकले होते. मला फार वाईट वाटलं. ज्याची चूक काढली जात होती ते पुसणं चोख होतं, आणि ज्याच्यामुळे घोळ होत होता त्या धुण्याकडे कुणाचं लक्षच नव्हतं.

मुलगा पुसायला आला तो वर्तमानपत्राचा बोळा घेऊन. काचेवर शाईचे फराटे उठले, कागदाचा लगदा झाला, आणि कोपऱ्यापर्यंत जाता जाता पुन्हा धुकं. दुसऱ्या सकाळी तेच. जोर लावून त्याचा खांदा भरून आला. "या गाडीलाच काहीतरी झालंय," तो कुरकुरला. नाचता येईना, अंगण वाकडं.

सूनबाईच्या डोक्यात तेव्हा चक्र फिरलं. नवऱ्याच्या धडधाकट हातांनीही काच स्वच्छ राहत नाही, म्हणजे दोष आबांच्या हातांचा नाही. तिनं बूट काढून पाय मॅटवर टेकला. मोजा भिजला. मग तिनं मला उचललं आणि पिळलं. धार नाही, पण थेंब पडले. तिनं त्या थेंबांकडे बघितलं, गच्च बंद काचांकडे बघितलं आणि कपाळावर हात मारला.

नवऱ्याला ती काही बोलली नाही. संध्याकाळी आबा मॅट धुवायला बसले तिथेच तीही उकिडवी बसली.

"आबा, एक सांगू? या आज धुऊ नका. आणि फडकं घरात दोरीवर वाळत घालू. काचाही बोटभर खाली ठेवू."

आबांचा हात थांबला. ते म्हातारे होते, खुळे नव्हते.

"म्हणजे माझ्यामुळेच होत होतं म्हण."

"थोडं तुमच्यामुळे. थोडं माझ्यामुळे. मीही आत बसून श्वास घेतेच की, आबा. तोही काचेवरच जातो."

"ती सायकलवाली पोर..." आबांचे डोळे भरून आले. "मी तुलाच आंधळं करून पाठवत होतो गं."

"ती वाचली, आबा. मीही वाचले." तिनं त्यांच्या हातातली मॅट काढून घेतली आणि बादली स्वतः रिकामी केली.

त्या रात्री मी कित्येक दिवसांनी कोरडा झोपलो. दोरीवर, कुठल्याही काचेला काही न देता. सकाळी गाडीची काच लख्ख. मुलगा खूश झाला. "बघा आबा, आता पुसायचीच गरज नाही. तुम्ही पडा आरामात."

आबा तरी बाहेर आले. मला हातात घेऊन गाडीभोवती एक चक्कर मारली. कोरड्या काचेवरून उगाच एकदा फिरवलं. पुसण्यासारखं काही नव्हतं. पुढे ते अंगणातल्या पायरीपर्यंतच यायला लागले, आणि मग यायचे थांबले. सूनबाई निघायची तेव्हा भिंतीकडे तोंड करून पडलेले असायचे. जागे असायचे. दोरीवरून मला दिसायचे. दुखणं बरं झालं होतं आणि वैद्यच बेकार झाला होता. मलाही वाटलं, संपलं आपलं. आता कुणीतरी चुलीशी नेईल नाहीतर कचऱ्यात टाकेल. आणि खरं सांगतो, इतका थकलो होतो की चालणार होतं मला.

मग एका सकाळी सूनबाईनं गाडीतून हाक मारली.

"आबाऽ! अहो, काचेवर धुकं धरलंय! या लवकर, मला उशीर होतोय!"

आतून लगबग ऐकू आली. आबांनी मला दोरीवरून ओढलं, कान बांधायचेही विसरले. दार उघडून आत वाकले आणि थबकले.

रात्रीची ओल काचेच्या तळापासून चढते, कडेपर्यंत पसरते. आबांनी ती हिवाळाभर पाहिली होती. ही तशी नव्हती. बाकी काच आरशासारखी आणि मधोमध, बरोबर चालवणाऱ्याच्या तोंडासमोर, बशीएवढा गोल. कडेनं विरत चाललेला. ताजा.

आबांनी तिच्याकडे पाहिलं. ती मान खाली घालून पर्समध्ये काहीतरी शोधत होती. काय शोधत होती ते तिलाच ठाऊक.

"फारच धरलंय आज," आबा म्हणाले.

मला वरून खाली फिरवलं. मग आडवं. मग खिशाची बाजू उलटून कोपरे, जिथे काहीच नव्हतं, तेही. मी इतकं पाणी प्यायलोय जन्मभर, पण ते कोमट होतं. त्याला चहाचा वास होता.

"हं. निघ आता. सावकाश जा."

तेव्हापासून तिची सकाळची पाळी असली की काचेवर धुकं धरतं, तेवढंच, तिथेच. मुलगा म्हणतो गाडी दाखवून घेऊ, ती म्हणते राहू दे.

आता माझं पुरतं जाळं झालंय. बोटं आरपार जातात. आज ना उद्या आबांच्या हातात नवं फडकं येईल, यावंच. माझी तक्रार नाही, मला विश्रांती हवीच आहे. फक्त टाकायच्या आधी एवढं करा. खिसा अजून धड आहे, बटणासकट. तो कापून आबांच्या हाताशी ठेवा. बशीएवढी वाफ पुसायला तेवढा पुरतो.