विजेची गाडी फाटकाबाहेर

गिरणीच्या मागच्या आवारात ती विजेची गाडी एकोणतीस वर्षे उभी होती, आणि त्यांतली शेवटची अकरा वर्षे तिच्यात पहारेकरी हरिबाच्या शेळ्या राहत होत्या. शेळ्यांची काही तक्रार नव्हती. वर छप्पर होते, खाली लाकडी बाके होती, खिडक्यांतून वारा खेळत होता. तक्रार होती ती सिद्धाराम मास्तरांची.

मुंबईच्या तंत्रशाळेत विजेचे शिक्षण घेऊन आणि तिथल्याच ट्रामच्या कारखान्यात दोन वर्षे हात काळे करून ते १९०९ साली सोलापूरला गिरणीच्या वीजघरात लागले, तेव्हा ही गाडी नवी कोरी होती. गिरणीच्या पहिल्या मालकांनी ती हौसेने मागवली होती. आवारातून निघून फाटकाबाहेरच्या जिनिंगच्या कोठारापर्यंत रूळ टाकले होते; पुढे स्टेशनापर्यंत न्यायचा बेत होता. गाडी तीन महिने चालली आणि एका दुपारी तिची मोटर जळाली. विलायती इंजिनियरने वहीत शेरा मारला, 'देशी चालकाच्या हातून जळाली.' तो देशी चालक म्हणजे सिद्धाराम. ब्रेक अडकलेला असतानाही गाडी रेटत राहा, असा हुकूम कोणी दिला होता, याची नोंद वहीत नव्हती.

आता मास्तर निवृत्त झाले होते. जिनिंगच्या त्या रिकाम्या कोठारात त्यांनी आणि आणखी सात-आठ जणांनी जुन्या यंत्रांचे संग्रहालय मांडले होते. पगार कोणालाच नव्हता. दर रविवारी जमायचे, घासायचे, तेल द्यायचे, आणि आलेल्या माणसाला समजावून सांगायचे. तिथे पितळी भोंगा होता, साखर पेठेतल्या नरसम्माने दिलेला तिच्या सासऱ्याचा, खड्ड्यात पाय सोडून चालवायचा खड्डामाग होता, रेल्वेची एक फुटकी घंटाही होती. फक्त गाडी नव्हती.

जुलै १९३८ मध्ये गिरणीला मुंबईहून नवे मॅनेजर आले. सुताचे कोठार बांधण्यासाठी त्यांना मागचे आवार मोकळे हवे होते. गाडी तोडायला निघाली आहे असे कळताच मास्तर टोपी नीट करून कचेरीत गेले.

"दुसरं काहीही मागा, मास्तर," मॅनेजर म्हणाले. "ते सात टनांचं भंगार नेणार कसं? बैल मी आवारात येऊ देणार नाही, आणि माझे मजूरही देणार नाही."

"ती स्वतः चालत जाईल."

मॅनेजर हसले. "मोटर जळालेली आहे. असलं आर्मेचर गुंडाळायला विलायतेला पाठवावं लागतं."

"सोलापुरात गुंडाळू."

"कोण गुंडाळणार?"

"ज्या गावात घराघरातून बायका सुताच्या कांड्या भरतात, त्या गावात गुंडाळायला माणूस मिळणार नाही म्हणता?"

त्या बोलण्यातली धार मॅनेजरांना झोंबली असावी. त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिले. "ठीक. ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी गिरणी बंद असते. नऊ ते साडेनऊ तुम्हाला वीज देतो. तेवढ्या विजेवर गाडी स्वतः चालत फाटकाबाहेर गेली, तर ती तुमची. नाहीतर सोमवारी घणवाले येतील. एक मिनिट वाढवून मिळणार नाही."

"मागणारही नाही," मास्तर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी शेळ्या बाहेर निघाल्या. हरिबा मंद्रूपकडचा धनगर. दाराशी उभा राहून तो एकेकीला हाका मारत होता आणि मास्तरांना बोल लावत होता.

"अप्पा, गरिबाच्या शेरडास्नी घराभायेर काडलं तुमी. पाप लागंल की."

"लागू दे. तू काय करतोस आता?"

"म्या? म्या काय करनार? शेरडांचं घर हाय, ते चालाया लागलं तर बगायला तर हवं!" आणि त्याने बाही वर करून ब्रेकचे गंजलेले दांडे घासायला घेतले.

खरे काम मोटरीच्या पोटात होते. आर्मेचर म्हणजे मोटरीतला फिरता गड्डा; तो काढून कोठारात आणला. त्याच्या अंगावर तेहेतीस खाचा होत्या आणि प्रत्येक खाचेत तांब्याच्या तारेचे वेढे बसवायचे होते. वीज वेढ्यातून लोखंडात गळू नये म्हणून प्रत्येक वेढ्यावर सुती पट्टी गुंडाळायची, आणि पट्टीवर लाखेचे रोगण चढवायचे. मास्तरांनी वहीत एकशे बारा पायऱ्या क्रमाने लिहून काढल्या. पट्टी विणण्याचे आणि वेढे भरण्याचे काम नरसम्माने अंगावर घेतले. तिच्याबरोबर तिच्या गल्लीतल्या दोन बायका आल्या. तिघींची बोटे तारेवर अशी फिरू लागली की मास्तरांना वही मिटून नुसते पाहत राहावे लागले. वेढे मोजताना त्या तेलुगूत पुटपुटत, आणि तीन तासांत एकदाही आकडा चुकला नाही.

"तार सुतापेक्षा बरी," नरसम्मा म्हणाली. "तुटत नाही, आणि नवऱ्यासारखी मध्येच रुसत नाही."

ऑगस्टच्या दुसऱ्या रविवारी तेहेतिसावी खाच भरली. आता परीक्षा होती, आणि परीक्षा उलटी होती. कोठारातल्या विजेची एक तार वेढ्याला, दुसरी गड्ड्याच्या लोखंडाला, आणि मध्ये एक दिवा. दिवा पेटला, तर वीज गळते आहे. सगळे कोठार त्या दिव्याभोवती उभे होते, आणि तो पेटू नये अशी इच्छा करत होते.

दिव्याची तार आधी लाल झाली, मग पिवळी. मग दिवा छान, घरच्यासारखा पेटला.

मास्तरांनी वही उघडली. एकशे बारा पायऱ्यांपुढे एकशे बारा खुणा होत्या. त्यांनी पहिल्यापासून पुन्हा वाचल्या. तारेला चीर नव्हती, रोगण तीनदा दिले होते, खाचांत अभ्रकाचे पत्रे होते. चूक वहीत नव्हती. मग ती कुठे होती?

"पट्टी माझी आहे," नरसम्मा सावकाश म्हणाली. "काही असेल तर माझ्याकडेच असेल. सांगून टाका, मास्तर."

"पट्टीत काय असणार? इतकी घट्ट पट्टी मुंबईतसुद्धा मिळाली नसती."

एवढ्यात दाराकडून हरिबा ओरडला, "हाट्! हाट् गं चांदे!" त्याची चांदी नावाची शेळी कोठारात शिरली होती. कोपऱ्यात उरलेल्या पट्टीचे भेंडोळे पडले होते. त्यातली हातभर पट्टी तिच्या तोंडात गेली होती, आणि ती डोळे मिटून समाधानाने चघळत होती.

हरिबाने पट्टी ओढून काढली. "सोड की! अप्पा, हिला गवत न्हाय रुचत, अन् ही चिंधी लई गोड लागतीया बगा."

मास्तर उठले. त्यांनी शेळीच्या तोंडातून निघालेली पट्टी हातात घेतली. मग भेंडोळ्यातली कोरडी पट्टी तोडून जिभेला लावली. पिठाची चव होती.

"नरसम्मा, सुताला खळ लावली होतीस?"

"लावणार नाही तर काय? ज्वारीच्या पिठाची, दोनदा." तिच्या आवाजात थोडा राग होता. "तुमचं काम म्हणून गल्लीत पसरून ब्रशाने नीट घोटून घेतली. बिनखळीचं सूत मागावर चढवलं, तर लोक मला विणकर म्हणतील का?"

मास्तर खाली बसले. खळ म्हणजे पीठ, आणि पीठ हवेतले पाणी ओढते. श्रावणातल्या दमट हवेत रोगणाखाली ते पाणी अडकून राहिले होते, आणि वीज त्या वाटेने निघून चालली होती. त्यांनी एकशे बारा पायऱ्या लिहिल्या होत्या, पण 'खळ लावू नये' ही पायरी लिहिली नव्हती. कारण तंत्रशाळेत पट्टी दुकानातून येत असे. आणि खळ लावली आहे हे नरसम्माने सांगितले नव्हते, कारण श्वास घेतला हे कोणी सांगत नाही.

"चूक माझी," मास्तर म्हणाले. "सगळं उसवायचं. पण बिनखळीचं सूत मागावर टिकेल का?"

"नाही टिकणार. पण अहो मास्तर," नरसम्माने कमरेवर हात ठेवले, "रंगात बुडवण्याआधी आम्ही खळ उतरवतोच की. विणते खळीनेच. मग सोड्यात उकळते, चार पाण्यांनी धुते. पिठाचा कण राहिला नाही तर ही शेळी माझी."

"माजी शेळी तुजी कशी?" हरिबा म्हणाला.

"मग तीच चाखून सांगेल!"

आणि तसेच झाले. चौदा दिवसांचे काम त्यांनी तेरा दिवसांत उसवून पुन्हा भरले. धुतलेल्या पट्टीचा प्रत्येक घाणा पत्र्यावर उन्हात वाळला, मग निखाऱ्यांच्या पेटीत तापला, आणि त्यातला एक तुकडा चांदीपुढे धरला गेला. चांदीने हुंगून तोंड फिरवले की हरिबा मोठ्याने सांगे, "न्हाय खात! पास!" मास्तरांनी वहीत एकशे तेरावी पायरी लिहिली: 'शेळीने नाकारणे.' मास्तरांच्या वहीत विनोद सापडत नसत, हाही नव्हता.

शनिवारी पुन्हा दिवा जोडला. तो काळाच राहिला. हरिबाने काच पुसून पाहिली. काळाच.

रात्रीतून गड्डा पुन्हा गाडीत बसवला, आणि रविवारी बरोबर नऊला रुळांवरच्या तारेत वीज आली. मॅनेजर घड्याळ हातात घेऊन वीजघराच्या दाराशी उभे होते. नरसम्मा आणि तिच्या दोघी बाकावर बसल्या होत्या. उतरा म्हटले तर त्यांनी नुसते पाहिले. मास्तरांनी वेगाची मूठ पहिल्या खुणेवर आणली. मोटर घुमली, चाके जागच्या जागी गरगरली, आणि गाडी हलली नाही. रुळांच्या एकोणतीस वर्षांच्या गंजावर पावसाचे पाणी होते. हरिबा पुढे धावला आणि दोन्ही रुळांवर मुठीमुठीने वाळू टाकत, पाठीमागे सरकत चालला.

"चल बये! चल! शेरडांची आन हाय तुला!"

गाडी चालू लागली. पाच हात वाळू, पाच हात गाडी. वळणावर ती दोनदा अडली. वळण सुटले तेव्हा नऊ वाजून सत्तावीस मिनिटे झाली होती, आणि पुढे फाटकापर्यंत सरळ रूळ होता. मास्तरांनी हरिबाला बाजूला व्हायला सांगितले आणि मूठ शेवटच्या खुणेवर नेली. या खुणेवर त्यांनी ती एकोणतीस वर्षांत नेली नव्हती. हातब्रेकचे चाक डाव्या हाताशी होते. त्यांनी डावा हात मुद्दाम पाठीमागे घेतला.

फाटक वीस पावलांवर असताना साडेनऊ झाले आणि मॅनेजरांनी हात वर केला. वीजघरात खटका पडला. मोटरीचा घुमणारा आवाज गेला, आणि नुसत्या चाकांचा आवाज उरला. सात टनांची गाडी त्याच वेगात पुढे गेली, फाटकाच्या दोन खांबांमधून सुटली आणि रस्त्यावर तीस हात जाऊन हळूच थांबली.

मॅनेजर घाईने आले. "वीज बंद झाली तेव्हा गाडी आत होती. अट विजेवर चालत जायची होती."

"तुमची वीज साडेनऊपर्यंतची होती. तेवढीच तिनं घेतली," मास्तर उतरून म्हणाले. "घेतलेली वीज चाकांत होती. चालत्या गाडीला थांबवायला ब्रेक लागतो, साहेब. तो माझ्या हाताशी होता, मी लावला नाही. तुम्हाला वहीत लिहायचं असेल तर लिहा. देशी चालकाने ब्रेक लावला नाही. या वेळी ते खरं असेल."

मॅनेजरांनी गाडीकडे पाहिले, मग बाकावरच्या तीन बायकांकडे. घड्याळ खिशात टाकून ते परत गेले आणि त्यांच्यामागे पहारेकऱ्याने फाटक लावले. पहारेकरी म्हणजे हरिबाच. तो फाटकाबाहेरूनच कडी घालत होता.

कोठार अजून दोनशे हात लांब होते.

"आता हितनं म्होरं कसं, अप्पा? वीज तर न्हाय."

मास्तरांनी कोट काढून नरसम्माच्या हातात दिला आणि गाडीच्या मागे जाऊन खांदा लावला.

"ढकलायची. आता ती आपली आहे. ढकलायला कोणाची परवानगी लागत नाही."